विहिरी किती? "खोदल्यावर सांगतो"

सोलर प्रोजेक्टचं फायनान्शियल मॉडेल करायला मला साधारण दोन दिवस लागतात. ऊन किती पडतं याचा वीस-वीस वर्षांचा डेटा आयता मिळतो, पॅनलचा भाव एका फोनवर कळतो, मग उरतं काय तर व्याज, जमीन आणि थोडी घासाघीस. त्याच गुर्मीत एकदा जिओथर्मलचं (म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करणाऱ्या प्लांटचं) मॉडेल करायला बसले आणि इनपुटच्या पहिल्याच पानावर चौदाव्या ओळीला जी अडकले ती अडकलेच. ओळीचं नाव होतं "विहिरींची संख्या". टीममध्ये एक बुजुर्ग जिऑलॉजिस्ट होते, त्यांना विचारलं, सर, इथे किती टाकू? ते म्हणाले, "खोदल्यावर सांगतो."

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत.

तेव्हापासून या विषयाने डोकं खाल्लंय, म्हणून एकदाचं लिहून टाकते. टेक्नॉलॉजीबद्दल भरपूर लोक लिहितात, टर्बाइन कसं फिरतं, पाणी परत जमिनीत कसं सोडतात वगैरे. पैशाबद्दल लिहायला फारसं कोणी जात नाही, आणि माझ्या मते सगळी गोची तिथेच आहे.

सुरुवात "वाफ तर फुकट असते ना" या वाक्यापासून. हे वाक्य मीटिंगमध्ये कोणीतरी बोलतंच. फुकट असते हो, पण कशी फुकट ते बघा. कोळशाच्या प्लांटला कोळसा रोज लागतो आणि रोज विकत घेता येतो, महाग झाला तर कमी जाळता, अगदीच नाही परवडलं तर प्लांट बंद ठेवता. जिओथर्मलमध्ये तीस वर्षांचा कोळसा तुम्ही पहिल्या तीन-चार वर्षांत एकदम विकत घेता, विहिरी आणि प्लांटच्या रूपात, आणि तोही न बघता, दोन-तीन किलोमीटर खडकाखाली आहे असं कोणीतरी म्हणतंय म्हणून. एकूण खर्चातला तिसरा हिस्सा ते जवळपास निम्मा पैसा नुसता ड्रिलिंगमध्ये जातो. एकेक विहीर पन्नास-साठ लाख डॉलरची, खोल किंवा अवघड खडकातली असेल तर त्याच्याही वर.

आता माझ्या शीटमधला हिशोब देते, आकडे गोल केलेत पण खोटे नाहीत. ५० मेगावॅटचा प्लांट, किलोवॅटला ५,००० डॉलर धरले तर २५ कोटी डॉलर लागतात. वर्षातला ९० टक्के वेळ चालला (आणि चांगलं फील्ड असेल तर चालतो, ही जिओथर्मलची खरी श्रीमंती, रात्र नाही पावसाळा नाही) तर वर्षाला ३९ कोटी युनिट वीज. चालवायचा आणि देखभालीचा खर्च युनिटला २ सेंट. पैसा सरासरी ५ टक्क्यांनी मिळाला आणि तीस वर्षांत फेडायचा असेल तर वीज पडते युनिटला ६ सेंटच्या आसपास. हाच प्लांट, हीच जमीन, हीच वाफ, फक्त पैसा १२ टक्क्यांनी मिळाला तर तीच वीज १० सेंटला जाते. एका सेलमधला आकडा बदलला, बाकी काही नाही. ६ सेंटला बाजारात टिकता येतं, १० सेंटला लोक "विचार करून सांगतो" म्हणतात आणि मग फोन उचलत नाहीत.

मग पुढचा प्रश्न, १२ टक्के का लागतात? कारण बँक त्या पहिल्या टप्प्यात येतच नाही. बँकेला वाफ विहिरीच्या तोंडाशी मोजून दाखवावी लागते, निदान अर्ध्याच्या वर तरी, मगच ती फाइल उघडते. तोपर्यंतचे सगळे पैसे इक्विटीचे, म्हणजे मालकाच्या खिशातले, आणि ज्याला माहिती आहे की हे पूर्ण बुडू शकतात तो माणूस २० टक्क्यांच्या खाली बोलत नाही. समजा शोधाच्या तीन विहिरींना २ कोटी डॉलर घातले आणि वीज विकायला सात वर्षांनी सुरुवात झाली (पाच ते दहा वर्षं हे या धंद्यात नॉर्मल समजतात), तर २० टक्क्यांच्या अपेक्षेने ते २ कोटी सातव्या वर्षी ७ कोटींच्या वर गेलेले असतात. ८ टक्क्यांनी तेच साडेतीन कोटींच्याही आत राहिले असते. म्हणजे जमिनीत काहीही न बदलता नुसत्या वाट बघण्याचे पावणेचार कोटींच्या आसपास डॉलर जास्तीचे. मी हा सेल पहिल्यांदा बघितला तेव्हा फॉर्म्युला चुकला असेल म्हणून तीनदा तपासला.

बरं, धोका खरंच किती आहे? जागतिक बँकेच्या गटातल्या आयएफसीने २०१३ मध्ये जगभरातल्या २,६१३ विहिरींचा अभ्यास केला होता, त्यात सगळ्या मिळून ७८ टक्के विहिरी यशस्वी निघाल्या. ऐकायला मस्त वाटतं. पण टप्प्याटप्प्याने बघितलं तर चित्र वेगळं दिसतं: शोधाच्या टप्प्यात ५९ टक्के, फील्ड डेव्हलप करताना ७४, आणि प्लांट चालू झाल्यावर नंतर ज्या विहिरी खोदतात त्यात ८३. खोदत जाता तसं जमीन कळत जाते, साहजिक आहे. आणि नवीन फील्डमधली अगदी पहिली विहीर म्हणजे जवळजवळ छापा-काटा. म्हणजे ज्या वेळी पैसा सगळ्यात महाग असतो त्याच वेळी नशीब सगळ्यात कच्चं असतं.

छापा-काटा तीनदा उडवला तर तिन्ही वेळा काटा पडायची शक्यता आठात एक. ज्या कंपनीकडे दहा फील्ड आहेत तिला आठात एक काहीच वाटत नाही, एक गेलं नऊ राहिली. पण ज्याच्याकडे एकच फील्ड आणि तीनच विहिरींचे पैसे आहेत, त्याच्यासाठी आठात एक म्हणजे दुकान बंद. सरासरी दोघांची सारखीच आहे, झोप मात्र एकालाच लागते.

"यशस्वी" या शब्दातही मेख आहे. विहीर लागली किंवा नाही लागली असं नसतं ते. उष्णता मिळते पण खडकात भेगा नसतात, पाणी फिरतच नाही. किंवा पाणी फिरतं पण २२० डिग्री पाहिजे तिथे १७० निघतं. किंवा सगळं जमतं आणि पाण्यात इतकी सिलिका असते की पाइप आतून बुजायला लागतात. किंवा पाणी ॲसिडिक निघतं आणि केसिंग (विहिरीतला पोलादी पाइप) खातं. आमचे सर म्हणायचे, "अगं, तापमान कुणालाही मिळतं, खोल जा फक्त. भेगा मिळाल्या पाहिजेत." म्हणजे शीटमध्ये एका विहिरीला ५ मेगावॅट धरलेत तिथे खरा आकडा शून्यापासून पंधरापर्यंत कुठेही पडू शकतो. आणि कधी कधी तर भलतंच. आइसलंडमध्ये क्राफ्लाला २००९ मध्ये खोदत होते, चार-साडेचार किलोमीटर जायचा प्लॅन होता आणि २.१ किलोमीटरवर ड्रिल थेट मॅग्मात घुसलं. कुठल्या रिस्क रजिस्टरमध्ये लिहिणार हे? त्यांनी मात्र ती विहीर टाकून दिली नाही, तिच्यातून ४५० डिग्रीची वाफ काढून दाखवली, मग व्हॉल्व्हने मान टाकली. असो, मला तो किस्सा फार आवडतो म्हणून लिहिला.

लोक म्हणतात तेलवाले पण असेच खोदतात की, त्यांना कसं जमतं? मलाही आधी तसंच वाटायचं. फरक असा आहे की तेलवाल्याच्या सहा विहिरी कोरड्या गेल्या आणि सातवी लागली तर सातवी आधीच्या सहांचे पैसे काढून वर गाडी-बंगला देते, कारण तेल टँकरमध्ये भरून जगात कुठेही नेता येतं आणि भाव वर गेला की मालामाल. वाफ कुठे नेणार? दहा किलोमीटर गेली की गार पडली. ५ मेगावॅटची चांगली विहीर ८ सेंटच्या भावाने वर्षाला साधारण ३१ लाख डॉलरची वीज देते, त्यातून प्लांटचा खर्च, कर्ज, पगार, सगळं. आणि वीस-पंचवीस वर्षांचा दर पीपीएमध्ये (वीज खरेदीच्या करारात) आधीच लिहून दिलेला, त्याच्यावर एक सेंट मिळणार नाही. म्हणजे जोखीम तेलविहिरीची आणि परतावा मुदतठेवीचा. असा धंदा आपणहून कोण करेल?

म्हणून शंभराच्या वर वर्षं झाली तरी हे प्रकरण लहानच राहिलं. इटलीत लार्देरेल्लोला १९०४ मध्ये वाफेवर पाच दिवे लावून दाखवले, १९१३ मध्ये २५० किलोवॅटचा प्लांट सुरू झाला. आज अख्ख्या जगात मिळून १६-१७ गिगावॅट. सोलर २०२४ या एका वर्षात ४०० गिगावॅटच्या वर वाढलं. उष्णता संपली म्हणून मागे पडलेलं नाहीये हे.

जिथे वाढलं तिथे काय केलं ते बघितलं तर सगळीकडे एकच गोष्ट दिसते, पहिल्या विहिरींचे पैसे कोणीतरी दुसऱ्याने अंगावर घेतले. आइसलंडमध्ये सरकारी एनर्जी फंड ड्रिलिंगला कर्ज द्यायचा, विहीर लागली तर परत करा, नाही लागली तर माफ. फ्रान्सने ऐंशीच्या दशकात गॅरंटी फंड काढला, त्यावर पॅरिसच्या आसपासच्या हीटिंगच्या विहिरी उभ्या राहिल्या. म्युनिकजवळ उंटरहाखिंगला तर खासगी कंपनीने, म्युनिक रीने, विहीर न लागण्याचा विमा दिला, पण असा विमा सगळ्यांना परवडत नाही आणि ज्या जमिनीची माहिती कमी आहे (म्हणजे जिथे विम्याची खरी गरज आहे) तिथे कोणी देतही नाही.

केनियाचं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं, चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थाने. ओल्कारियाला १९८१ मध्ये १५ मेगावॅटचं पहिलं युनिट लागलं, आता देशाची साधारण ४०-४५ टक्के वीज जिओथर्मलची आहे. तिथे सरकारने सरळ एक कंपनी काढली, जीडीसी, तिचं काम म्हणजे रिग (खोदायची यंत्रं) घ्यायचे, खोदायचं, वाफ सिद्ध करायची आणि मग खासगी कंपनीला म्हणायचं की या, प्लांट लावा, वाफ आम्ही विकतो. भूगर्भाची जोखीम सरकारची, टर्बाइनची तुमची. कागदावर एकदम परफेक्ट. मेनेंगाईला तेच केलं, ३५ मेगावॅटचे तीन प्लांट तीन कंपन्यांना दिले, करार झाले, विहिरी तयार, वाफ तयार. पण बँकांनी विचारलं की वीज घेणारी कंपनी पैसे देईल याची हमी कोण देणार? त्या कागदात वर्षं गेली. पहिला ३५ मेगावॅटचा प्लांट चालू व्हायला २०२३ उजाडलं. इतकी वर्षं विहिरींवर घातलेला पैसा खाली वाफ घेऊन नुसता बसून. माझ्या शीटमध्ये "विलंब" नावाची ओळ आहे, मी तिथे आधी सहा महिने टाकायचे, आता नाही टाकत.

म्हणजे जमिनीखालची अनिश्चितता गेली तर जमिनीवरची आहेच. इंडोनेशियात सारुल्ला नावाचं फील्ड आहे, नव्वदच्या दशकात करार झाला, चांगल्या विहिरीही लागल्या, आणि १९९७ चं आशियाई संकट आलं, रुपिया कोसळला, डॉलरमध्ये वीज विकत घ्यायची सरकारी कंपनीची ऐपतच राहिली नाही. सगळं ठप्प. पुन्हा पैसे उभे राहिले २०१४ मध्ये, वीज आली २०१७ मध्ये. त्याच संकटात काराहा बोडास नावाचा दुसरा प्रोजेक्ट बंद पडला आणि प्रकरण लवादात गेलं, २६ कोटी डॉलरच्या वर भरपाईचा निवाडा लागला. वीज नाही निघाली, वकिलांचं मात्र बरं चाललं.

तुर्कीने करन्सीचा हा काटा आधीच काढून टाकला, युनिटला १०.५ सेंट, डॉलरमध्ये, दहा वर्षं. बस. दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर १५ मेगावॅटच्या आसपास होते, पंधराएक वर्षांत १,६०० च्या वर गेले. २०२१ मध्ये दर लिरामध्ये आणला आणि नव्या प्लांटचा वेग एकदम बसला. जमीन तीच, उष्णता तीच. यापेक्षा स्वच्छ प्रयोग अर्थशास्त्रात क्वचित मिळतो.

आता उलटा किस्सा, घाईचा. अमेरिकेत यूटाहमध्ये रेझर टेक्नॉलॉजीज म्हणून कंपनी होती, २००८-०९ च्या सुमारास त्यांनी छोटी छोटी तयार युनिट आणून धडाधड प्लांट उभा केला, खालचं पाणी पुरेसं आहे का हे नीट सिद्ध व्हायच्या आधीच. पाणी अपेक्षेपेक्षा थंड निघालं, वीज ठरल्यापेक्षा कमी, कर्ज मात्र ठरल्याएवढंच. २०११ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि यांनी तर आड बघायच्या आधी पोहऱ्यांची ऑर्डर दिली होती. पण मी त्यांना फार हसत नाही, कारण पैसे देणारे रोज विचारत असतात की वीज कधी, आणि "अजून दोन विहिरी खोदून मग सांगतो" हे उत्तर त्यांना ऐकायचं नसतं.

प्लांट चालला म्हणजे सुटलो असंही नाही. कॅलिफोर्नियातलं द गीझर्स, जगातलं सगळ्यात मोठं फील्ड, १९६० ला सुरू झालं आणि ऐंशीच्या दशकात सगळे तिथे तुटून पडले, वेगवेगळ्या कंपन्या, प्रत्येकाचे प्लांट वेगळे पण खालचं भांडं एकच. एका ग्लासात सगळ्यांनी स्ट्रॉ टाकल्या. दशक संपेपर्यंत २,००० मेगावॅटच्या आसपास क्षमता लावून झाली आणि दाब भराभर पडायला लागला. उष्णता होती, पाणी संपत होतं. शेवटी १९९७ पासून लेक काउंटीचं आणि २००३ पासून सांता रोसा शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी साठेक किलोमीटरची पाइपलाइन टाकून खाली सोडायला लागले, तेव्हा घसरण आवरली. म्हणजे फुकटच्या वाफेसाठी शहरभराचं गटाराचं पाणी डोंगरावर चढवायचा खर्च. शीटमध्ये ही ओळ कोणी धरली होती का? मी तरी नसती धरली.

भूकंपाचं थोडक्यात. स्वित्झर्लंडमध्ये बासेलला २००६ मध्ये जिओथर्मलसाठी खडक फोडायला पाणी सोडलं, ३.४ चा धक्का बसला, भिंतींना तडे, भरपाईचे दावे, २००९ मध्ये प्रोजेक्ट गुंडाळला. दक्षिण कोरियात पोहांगला २०१७ मध्ये ५.५ चा झाला, माणसं जखमी झाली, शेकडो लोक बेघर झाले, आणि सरकारी चौकशीत कारण त्या जिओथर्मल विहिरीच निघाल्या. तिथे मॉडेल-बिडेल विषयच संपतो.

आणि ऑस्ट्रेलियातलं हॅबनेरो. चार किलोमीटरच्या वर खोल, २४० डिग्रीच्या आसपास, ग्रॅनाइट एकदम झकास. २०१३ मध्ये १ मेगावॅटचा पायलट प्लांट १६० दिवस चालवून दाखवला. इंजिनिअर खूश. पण वाळवंटात, ग्रिडपासून शेकडो किलोमीटर लांब, विहिरीचा खर्च अवाच्या सवा. पुढे कंपनीने विहिरी बुजवल्या आणि दुसऱ्या धंद्याला लागली. टेक्निकली यशस्वी हा शब्द मी तेव्हापासून जरा घाबरूनच वाचते.

सध्या सगळे फर्व्हो या अमेरिकन कंपनीबद्दल विचारतात. शेल गॅसवाल्यांचं आडवं ड्रिलिंग इकडे आणलंय, भेगा शोधायच्याच नाहीत, स्वतः पाडायच्या. २०२३ मध्ये नेवाडात ३.५ मेगावॅट करून दाखवलं, यूटाहला केप स्टेशन या त्यांच्या प्रोजेक्टच्या पहिल्या काही विहिरींतच एका विहिरीचा खर्च ९४ लाखांवरून ४८ लाख डॉलरवर आणला असं कंपनीने जाहीर केलं. हे मला खरंच महत्त्वाचं वाटतं, कारण इथे माझी चौदावी ओळ पहिल्यांदा भरता येते, गरम खडक पुष्कळ ठिकाणी आहे, छापा-काटा जातो, विहिरी किती ते आधी सांगता येतं. पण अनिश्चितता गायब नाही झाली, ओळ बदलून खाली, एकतिसाव्या ओळीवर गेली. आता प्रश्न असा की पाडलेल्या भेगांतून पाणी फिरवत राहिलं की खडक किती वेगाने गार पडतो? दहा वर्षांनी पुन्हा खोदावं लागलं तर गणित एक, तिसऱ्या वर्षी खोदावं लागलं तर गणित पूर्ण वेगळं, स्वस्त विहिरीचा सगळा फायदा तिथेच जातो.

सरांना परवा फोन केला होता, रिटायर झालेत आता. म्हटलं सर, केप स्टेशनच्या विहिरी किती वर्षं टिकतील असं धरू? पलीकडून नुसता हसण्याचा आवाज. मेगावॅटच्या बातम्या मी फारशा बघत नाहीये, विहिरीतून वर येणाऱ्या पाण्याचं तापमान तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोणी जाहीर करतंय का याची वाट बघतेय. तोवर शीटमध्ये एकतिसावी ओळ पिवळी करून ठेवलीये.